हौद्यावरचं बांधकाम

यमुनाबाईंनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की तुमचे मिस्टर काल दुपारी गाडीच्या हौद्यात आडवे पडले होते. मी विचारलं, आडवे म्हणजे कसे? त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसासारखे. हात अंगाला लावलेले, पाय सरळ, डोळे मिटलेले. पाय मात्र मावत नव्हते, ते मागच्या फळीवरून बाहेर आले होते.

"मी हाक मारली नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घरातलं काही असेल."

नारायण पेठेत हे वाक्य कुणी उगाच म्हणत नाही. त्याचा अर्थ असा, की आम्हाला सगळं ठाऊक आहे, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं बाकी आहे. मी हसून, पाठ दुखत असेल त्याची, असं काहीतरी सांगितलं आणि मुक्ताला कडेवर घेऊन तीन मजले चढले. पण चढताना डोक्यात एकच विचार. जो माणूस एरवी त्या गाडीत नीट बसायलासुद्धा तयार नसतो, तो तिच्यात झोपून काय बघत होता?

मला संशय यायला वेळ लागत नाही, हे मान्य. मुक्ता झाल्यापासून तर जास्तच. दीड वर्षाचं मूल दोन मिनिटं शांत बसलं, की त्याच्या तोंडात काहीतरी आहे हे आईला न बघता कळतं. आणि माझा नवरा, अभिनव, गेले पंधरा दिवस अगदी तसाच शांत होता.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. लग्नाआधी माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची, राखाडी, आणि नारायण पेठेतल्या कुठल्याही वळणावर एका झटक्यात न वळणारी. जिथे डांबर संपतं तिथे ती खरी सुरू होते. मुळशीकडच्या, वेल्ह्याकडच्या मातीच्या वाटांवर मी तिला किती वेळा घेऊन गेले असेन याचा हिशोब मीही ठेवलेला नाही. चढावर चारही चाकं जमीन चाचपडत वर सरकायला लागली की माझ्या पोटात जे होतं, ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मुक्ता पोटात पहिल्यांदा हलली तेव्हा मला त्याचीच आठवण आली होती. हे मात्र मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

मुक्ता आल्यावर गाडी पार्किंगमध्ये राहिली आणि बिल्डिंगने तिचा हौदा सार्वजनिक मालमत्ता म्हणून स्वीकारला. मला त्यात मंडळाचे बांबू सापडले, कुणाचा तरी मोडका कूलर सापडला, आणि एकदा कुंडीसकट तुळस सापडली; सोबत चिठ्ठी, ‘चांगल्या घरी द्यावी’. मी ती वर आणली. आम्ही चांगले आहोत असा माझा समज आहे.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा म्हणजे माझे सासरे, सीतारामजी, अमरावतीकडचे. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला अमरावतीला गेल्या होत्या, त्यामुळे घरात त्यांना आवरणारं कुणी नव्हतं. बाबा जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाले. सदतीस वर्षं लोकांच्या बांधावर उभं राहून काढल्यामुळे, दोन्ही पक्ष खोटं बोलत आहेत असं धरूनच त्यांचा दिवस उजाडतो. श्रावणात एकदा मुक्ताची दुपटी हौद्यात भिजली आणि बाबांनी निकाल दिला. ज्या गाडीत लेकराचं सामान कोरडं राहत नाही, ती गाडी घरची नाही. शिक्रापूरचे कांद्याचे व्यापारी अभयशेठ तिच्यावर डोळा ठेवून होतेच.

मी वाद घातला. अखेर बाबांनी अट घातली: दसऱ्याच्या आत हौद्याला झाकण बसव, आम्हा सगळ्यांना घेऊन एकदा तुझ्या त्या मातीच्या वाटेवर जाऊन दाखव, आत थेंब आला नाही तर पुन्हा विकण्याचं नाव काढणार नाही. थेंब आला, तर दसऱ्याला किल्ली अभयशेठच्या हातात. मी अभिनवकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू."

नवऱ्याने म्हटलेल्या ‘बघू’ इतकं संशयास्पद दुसरं काही नसतं. त्यात अभिनवला घाट लागतो. लग्नानंतर एकदाच तो माझ्याबरोबर ताम्हिणीत आला होता, आणि जाताना एकदा, येताना दोनदा असा तीन वेळा उतरून रस्त्याकडेला उभा राहिला होता. गाडी गेली तर कुणाचं पोट निवांत होणार होतं, ते सांगायला नको.

झाकण म्हणजे फायबरग्लासची कॅनोपी. हौद्यावर बसणारी टोपीच ती. दोन बाजूंना काचा, मागे वर उघडणारं दार. माझ्या गाडीचं मॉडेल आता बंद झालेलं, तयार कॅनोपी मिळेना. शोधत शोधत येरवड्यात उत्तरेश्वरच्या शेडमध्ये पोहोचले. उत्तरेश्वर मंडळांच्या देखाव्यांसाठी फायबरचे हत्ती, हरणं, कमानी करतो. लाकडी साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर ब्रशने रसायन चढवायचं, वाळलं की पुन्हा चटई, पुन्हा रसायन. शेडच्या दारावर त्याने रंगवून ठेवलं होतं: ‘माप गिऱ्हाइकाने आणावे. झालेला हत्ती परत घेतला जाणार नाही.’

मी म्हटलं, तुम्हीच येऊन माप घ्या. तो म्हणाला, ताई, गणपतीपर्यंत मला मान वर करायला वेळ नाही, आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन घेतलेलं माप नेहमी भांडण लावतं. कागदावर लिहून पाठवा. शिवाय काम विसर्जनानंतर सुरू करावं, तर पितृपंधरवडा लागतो आणि पंधरवड्यात तो नवीन काही हातात घेत नाही. मी त्याला पटवायचा प्रयत्न केला की हे नवीन काही नाही, जुन्याच गाडीचं झाकण आहे. त्याने विचार केला आणि मधला मार्ग काढला. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो चटईचा एक तुकडा कापून ठेवणार होता, म्हणजे काम आधीच सुरू झालं असं धरता येईल.

तर माप. मी दुपारी मुक्ताला घेऊन पार्किंगमध्ये उतरले. टेपचं एक टोक तिच्या मुठीत दिलं, दुसरं मी धरलं. ती इतकी मन लावून धरत होती, की टोक सोडून दे असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मध्येच ती टोक चाटायची, मग पुन्हा जागेवर लावायची. रुंदी एकसष्ट इंच आली, लांबी अठ्ठावन्न. मी दोन्हीत एकेक इंच वाढवून लिहिलं. मुलीवर प्रेम कितीही असलं, तरी तिच्या टोकावर विश्वास किती ठेवायचा?

यमुनाबाई तळमजल्यावर राहतात. त्या चाळीस वर्षं पेठेतल्या बायकांचे ब्लाऊज शिवत आल्या आहेत. त्या खिडकीतून बघत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, पत्र्याची टेप सुताराची, तिने अंगाचं माप निघत नाही. मग गळ्यातली कापडी टेप काढून त्यांनी गाडीचं माप घेतलं, मुंढ्यापासून. माझा कागद बघितला आणि नवा कागद लिहून दिला.

तो कागद वर गेल्यावर बाबांनी चष्मा लावला. कापडी टेपने मोजणी केलेली बघून त्यांना जे दुःख झालं ते चेहऱ्यावर मावेना. काठी घेऊन ते स्वतः खाली गेले, वर आले, आणि मराठी आकड्यांत, खाली सही करून, तिसरा कागद तयार केला. कागद पोहोचवायचं काम अभिनवकडे आलं, कारण त्याचं ऑफिस खराडीला आणि येरवडा वाटेवर. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मी स्वयंपाकघरातून वाकून बघितलं.

दरम्यान मी गाड्यांच्या सरकारी कचेरीत जाऊन आले. परवानगी लागते का एवढंच विचारायचं होतं. खिडकीमागच्या साहेबांनी मी नेलेला तसल्या एका कॅनोपीचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, कडेवरच्या मुक्ताकडे बघितलं.

"मागे माणसं बसणार?"

"नाही. सामान."

"मग खिडक्या कशाला?"

मी म्हटलं, हवा यायला. ते म्हणाले, सामानाला? मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि तेही असं, जणू मी काहीतरी लपवते आहे हे उघडच आहे पण ते सज्जन असल्यामुळे विचारत नाहीत. बोल्ट मारून कायमची बसवलीत, तर तो गाडीत बदल. मग अर्ज, फोटो, तपासणी, सगळं आलं. नुसती ठेवून बांधलीत, तर तो माल. मालाचं या खिडकीवर काही नाही. आधी तुमचं काय ते ठरवा आणि मग या. मी बदलाचा अर्ज घेतला. रांगेतून बाहेर पडेपर्यंत त्यातला ‘वाहनाचा प्रकार’ हा रकाना मुक्ताने खाल्ला होता.

त्याच आठवड्यात अभिनव गॅलरीत जाऊन फोनवर बोलायला लागला. मी कान देत नव्हते. कपडे वाळत घालत होते, आणि आमच्याकडे कपडे गॅलरीतच वाळत घालतात. तो म्हणत होता, हो, तेवढंच, आणि तिला आत्ता काही सांगू नका. मी मुक्ताचं एकच झबलं चार वेळा झटकलं. मला दिसलं ते असं: अभयशेठ, गाडी, आणि आम्ही दोघी मायलेकी पीएमटीच्या स्टॉपवर.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला टेम्पोतून कॅनोपी आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, काचा लावलेली. उत्तरेश्वर स्वतः आला होता. चौघांनी धरून ती हौद्यावर ठेवली आणि ती हौद्यावर बसलीच नाही. दोन्ही बाजूंनी कडेच्या बाहेर उतरली आणि मागच्या बाजूला इतकी बाहेर आली, की तिच्या खाली माणूस पावसात उभा राहू शकला असता.

यमुनाबाई म्हणाल्या, "डबा यांचा, झाकण शेजारच्यांचं."

बाबांनी खिशातून टेप काढली. रुंदी अडुसष्ट. "एकसष्टाचे अडुसष्ट झाले काहून?" त्यांनी विचारलं, आणि तिथेच, आमच्या सुखनिवास बिल्डिंगच्या फाटकात, चौकशी सुरू केली. सदतीस वर्षांचा सराव. कुणी खुर्चीसुद्धा मागितली नाही.

एक इंच मी कबूल केला. मुक्ताचं नाव मध्ये आणलं नाही.

यमुनाबाईंनी दोन इंच कबूल केले. शिवणीत माया ठेवावीच लागते, त्या म्हणाल्या, पुढे उसवायचं तर काय उसवणार? मी म्हटलं, यमुनाबाई, गाडी वाढत नाही. "ब्लाऊज तरी कुठे वाढतो," त्या म्हणाल्या. "बाई वाढते. तुमचं सामान वाढणार नाही का?"

मग स्वतः चौकशी अधिकाऱ्यांनी, जरा घसा साफ करून, दोन इंच कबूल केले. कापडी टेप ताणल्या जाते, माप कमी भरते, तेव्हा नियमाप्रमाणे सुधार केला. उत्तरेश्वरने दोन बोटं वर केली. "दोन माझे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक नेहमी कमी माप आणतं. एका मंडळाच्या हत्तीवर अंबारी बसली नव्हती. तेव्हापासून दोन इंच माझे असतात."

एक, दोन, दोन, दोन. सात. रुंदीची हद्द कायम झाली. आपण चौघांनी एकमेकांवर किती इंच अविश्वास ठेवला ते इतकं स्वच्छ कळल्यावर वातावरण जरा निवळलंसुद्धा. पण लांबी? अठ्ठावन्नाची अठ्ठ्याहत्तर झाली होती. वीस जास्त. त्यातले सात वरच्याच हिशोबाने सुटले. उरलेल्या तेरा इंचांना वारस निघेना.

उत्तरेश्वर म्हणाला, कागदावर होतं ते केलं, आणि कागद माझ्या हातात दिला. बाबांचं सुबक ‘६३’ खोडलेलं होतं. शेजारी इंग्रजीत 76. त्यातल्या साताच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ आमच्या घरात एकच माणूस मारतो, कंपनीतल्या जर्मन गिऱ्हाइकांमुळे लागलेली सवय. बाबा हात पुढे करायच्या आत मी कागद घडी घालून मुक्ताच्या डायपरच्या पिशवीत टाकला. त्या पिशवीत बाबा हात घालत नाहीत.

मी अभिनवकडे पाहिलं. तो आकाशाकडे बघत होता.

म्हणजे असं होतं तर. नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून माप बिघडवायचं. कॅनोपी बसणार नाही, पाणी आत येईल, दसऱ्याला किल्ली जाईल, आणि हा माणूस उरलेलं आयुष्य सपाट रस्त्याने फिरेल. मी भांडले नाही. मी त्याच्याशी नीट बोलायला लागले. आमच्या घरात याला घाबरतात.

कापून, जोडून देता येईल, उत्तरेश्वर म्हणाला, पण दिवाळीनंतर. त्याच्याकडे एका मंगल कार्यालयाचे चार हत्ती अडकले होते. मला दिवाळी नको होती, मला गुरुवारच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आतलं काहीतरी हवं होतं. मग हौद्यावर दोन आडव्या फळ्या टाकल्या, त्यांच्यावर कॅनोपी ठेवली, आणि तिला पट्ट्यांनी करकचून बांधलं. बाजूच्या फटींमध्ये यमुनाबाईंनी स्वतःच्या गोधड्या आणि जुन्या नऊवारी साड्या गुंडाळ्या करून ठासल्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून मोठ्या सुईने प्लास्टिकच्या कापडात टाचल्या. बोल्ट एकही नव्हता. म्हणजे आता तो बदल राहिला नव्हता, माल झाला होता. सरकारदरबारी माझा तेवढा एक प्रश्न सुटला.

फळ्यांमुळे उंची वाढली आणि गाडी पार्किंगच्या तुळईखालून जाईना. ती फाटकाजवळ पाहुण्यांच्या जागेत राहिली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी विमलाबाईंची नोटीस आली. पूर्वी मुख्याध्यापिका असल्यामुळे अक्षर फार सुंदर. ‘आपण आपल्या वाहनावर, मागील बाजूस बाल्कनी काढून, खिडक्यांसह बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर खोलीत कोण राहणार आहे याचा खुलासा सात दिवसांत करावा.’ बाबांनी नोटीस दोनदा वाचली. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी ती जपून पाकिटात ठेवली.

रविवारी निघालो. मी गाडी चालवत होते, शेजारी बाबा. मागे मुक्ता तिच्या खुर्चीत, एका बाजूला अभिनव, दुसऱ्या बाजूला यमुनाबाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गोधड्या त्यांच्या होत्या. अभिनवने उलटीची गोळी घेतली होती आणि हातात लिंबू धरलं होतं. ते मला आरशात दिसत होतं, आणि दिसू नये म्हणून मी आरसा जरा वर केला.

चांदणी चौकात हवालदाराने हात केला. गाडीभोवती एक फेरी मारली, बाल्कनीखाली उभं राहून वर बघितलं.

"हे काय आहे?"

"माल," बाबा म्हणाले.

"कुठे चाललाय?"

"फिरायला."

हवालदाराने मागच्या खिडकीतून आत वाकून बघितलं. यमुनाबाईंनी त्याला लाडू दिला. आम्ही पुढे निघालो.

मुळशीच्या अलीकडे डावीकडे एक मातीची वाट वर चढते. परतीचा पाऊस आदल्या रात्री पडून गेला होता, माती ओली होती, दोन्ही बाजूंना तेरडा माजलेला. पावणेदोन वर्षांनी मी लो गिअर टाकला. इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि मुक्ता मागून म्हणाली, "भूम." तिला हा आवाज ठाऊक होता. पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत ती हेच ऐकत आली होती. मला क्षणभर समोरचं धूसर दिसलं. पाऊस अजून सुरू व्हायचा होता.

चढ जवळजवळ संपला होता. अजून दोन गाड्यांइतकं अंतर राहिलं असेल. तेवढ्यात मागून करकर असा, कपाट सरकवल्यासारखा आवाज आला. मी ब्रेक दाबून ठेवला. आरशात पाहिलं तर कॅनोपी फळ्यांसकट, अजिबात घाई न करता, मागे मागे चालली होती. बाल्कनीचं वजन तिला ओढत होतं. पट्ट्या ढिल्या पडल्या, गोधड्या एकेक करून बाहेर आल्या, आणि मग ती हौद्यावरून उतरून, धप्प आवाज करून, तेरड्यात बसली. उभी. सरळ. काचही फुटली नाही. मागून कुणी येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

मी गाडी वर सपाटीला नेऊन लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बाबा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. मोजणीत हरलेल्या माणसाकडे बघायचं ते असंच टाळत असावेत. थेंब आत येण्याचा प्रश्नच उरला नव्हता. झाकणच खाली पडलं होतं.

आणि मग पाऊस आला. दुपटी, डबे, मुक्ताचा दुसरा स्वेटर, सगळं उघड्या हौद्यात. आम्ही हाताला येईल ते उचललं. केबिनमध्ये एवढं मावणार नव्हतं, म्हणून सगळे खाली धावलो. मुक्ता माझ्या छातीशी, बाबांच्या डोक्यावर डबा, यमुनाबाई नऊवारीचा काचा मारून सगळ्यांच्या पुढे. कॅनोपीचं मागचं दार उघडलं आणि आत शिरलो. प्लास्टिकच्या घड्या घालून वर गोधड्या अंथरल्या. पाच माणसं, चार पिशव्या. आम्ही सगळे बसलो, आणि तरीही जागा उरली.

वर पाऊस वाजत होता. यमुनाबाईंनी थालीपिठं काढली. मुक्ता इकडून तिकडे चालली, काचेला नाक लावून बघितलं, आणि अचानक, तिची ती पद्धत, गोधडीवर आडवी होऊन झोपली. अभिनवने तिच्या डोक्याखाली तिची छोटी उशी सारली. गोळीमुळे त्याचे डोळे जड झाले होते. तोही तिच्या शेजारी लवंडला. हात अंगाला लावलेले, पाय सरळ, डोळे मिटलेले.

"हे बघा," यमुनाबाई माझ्या कानात म्हणाल्या. "अगदी असेच पडले होते त्या दिवशी."

पण त्या दिवशी पाय बाहेर आले होते. आज आले नव्हते. पाय आत होते, आणि डोक्याच्या वर बरोबर एका उशीइतकी जागा.

मी डायपरच्या पिशवीतून कागद काढला. "शहात्तर तू लिहिलंस."

"सत्तर मी," तो डोळे न उघडता म्हणाला. "सहा तिची उशी."

"कशाला?"

"एका दिवसात मला एकच घाट झेपतो. यायचा आज, जायचा उद्या. म्हणजे मध्ये मुक्काम आला." मग तो म्हणाला, "तू एकटी जाशील आणि मी घरी बसेन, हे किती वर्षं चालणार?"

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस, आणि गॅलरीतून फोन करून उत्तरेश्वरलाही का गप्प बसवलंस? तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर तू माझं माप पुन्हा घेतलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. "आणि मी कुठे झोपायचं?"

"रुंदीत. मी एकसष्टमध्ये तिघं बसवली होती, जरा दाटीने. मग तुम्ही सगळे वाढवतच गेलात. म्हटलं, आता आपण बोलायला नको."

मी आरसा वर केला होता ते मला आठवलं. लिंबू अजून त्याच्या मुठीत होतं. मी ते काढून घेतलं आणि बराच वेळ हातात धरून बसले.

बाबा आमच्याकडे बघत नव्हते. ते गुडघ्यांवर येऊन छताच्या कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवत होते, आणि प्रत्येक वेळी बोट उजेडात धरून बघत होते. कोरडं. काचेची कड, कोरडी. दाराची बिजागरी, कोरडी. मग खिशातून टेप निघाली, कारण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही. एक टोक त्यांनी यमुनाबाईंना धरायला दिलं. झोपलेल्यांना न उठवता मोजलं. लांबी झाली, रुंदी झाली.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पावसातही अभयशेठचा आवाज बाहेर ऐकू येत होता. दसऱ्याला किती वाजता येऊ, मुहूर्त कोणता धरू, असं काहीतरी. मी मुक्ताच्या पायावरची गोधडी नीट केली. नीटच होती.

"नाही हो शेठ, नाही जमायचं आता," बाबा म्हणाले. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि मोजणी खात्यातल्या जुन्या, कोरड्या आवाजात सांगितलं:

"त्याच्यावर बांधकाम झालं आहे. आणि आत लोकं राहून राहिले."